ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीटच्या फटफट्या

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावी मुलाकडे किंवा लेकीकडे चार-सहा महिने राहून आलेली मंडळी आता पुण्या-नाशकातच नव्हे, तर इंदूर-बडोद्यातही भेटतात. तिथले देऊळ, भारतीय किराणा मालाचे दुकान, बे एरियाच्या महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव या साऱ्यांची त्यांना खडान्‌खडा माहिती असते. गावातून जाणाऱ्या मिशन बुलेव्हार्ड या लांबलचक रस्त्याचीही असते. मात्र हाच रस्ता उत्तरेकडे हेवर्डच्या पुढे नाव बदलून ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीट होतो आणि ओकलंड शहरात शिरताच पुन्हा नाव बदलून इंटरनॅशनल बुलेव्हार्ड होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या टोकाला पाहुण्यांना सहसा कोणी नेत नाही. 'तिकडे काय पाहायचे आहे?' असेच मुले म्हणतात.

खरेही आहे. पाहायला तिथे राजवाडा नाही की समुद्रकिनारा नाही. टायरची दुकाने, मेक्सिकन लोकांच्या खाण्याच्या गाड्या, लाँड्र्या, लहानलहान चर्चे आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून बसकी लाकडी घरे. पण या घरांच्या मागे किंवा बाजूला एकेक गॅरेज आहे, आणि अमेरिकेतल्या सर्वांत विचित्र, सर्वांत गोंगाटी आणि अनेकांच्या मते सर्वांत देखण्या मोटारसायकली अशाच गॅरेजांतून जन्माला आल्या. त्यांना म्हणतात चॉपर.

आपल्याकडे चॉपर म्हटले की हेलिकॉप्टर आठवते, नाहीतर कांदा चिरायचे यंत्र. कांद्याचा अर्थ इथे जास्त जवळचा आहे! 'चॉप' म्हणजे कापणे. कारखान्यातून आलेली धडधाकट मोटारसायकल घ्यायची, तिच्यातले नको ते सारे कापून टाकायचे आणि उरेल त्यातून आपल्या मनासारखी गाडी उभी करायची. पुढचे चाक लांबवर गेलेले, हँडल आकाशाकडे, टाकी शेंगदाण्याएवढी, मागे पाठ टेकायला उंच दांडी. चित्रात पाहिली तर ही चालते कशी, असा प्रश्न पडावा. चालवणाऱ्यालाही तो अधूनमधून पडतो.

लढाईनंतरचे दिवस

ही हौस सुरू झाली दुसऱ्या महायुद्धानंतर. युद्धात हार्ले-डेव्हिडसन कंपनीने सैन्यासाठी सुमारे ९० हजार मोटारसायकली बनवल्या होत्या. युद्ध संपले, सैनिक घरी आले आणि सैन्याच्या जुन्या गाड्या स्वस्तात विक्रीला निघाल्या. युरोपात हलक्या, चपळ गाड्या पाहून आलेल्या या तरुणांना आपल्या जड गाड्या खुपू लागल्या. त्यांनी पुढचे मडगार्ड काढून टाकले, मागचे अर्धे कापले, नको असलेले लोखंड उतरवले. या पहिल्या अवताराला 'बॉबर' म्हणत. शेपूट छाटलेला घोडा, असा काहीसा त्या शब्दाचा भाव. हेतू एकच, गाडी हलकी व्हावी आणि जोरात पळावी.

ओकलंडच्या परिसरात हे काम फोफावण्याचे कारण साधे होते: इथल्या लोकांना लोखंडाची भाषा येत होती. १९२०च्या दशकात ओकलंडला 'पश्चिमेचे डेट्रॉइट' म्हणत. शेव्हरोलेचा मोठा कारखाना इथे होता. जनरल मोटर्सचे संस्थापक विल्यम ड्युरंट यांनी स्वतःची नवी कंपनी काढली, तेव्हा तिचाही एक कारखाना याच ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीटवर उभा राहिला. युद्धात शेजारच्या रिचमंड गावी कैसर यांच्या गोद्यांमध्ये ७४७ जहाजे बांधली गेली. त्या कामासाठी लुइझियाना, टेक्सास अशा दक्षिणेकडच्या राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे आली. वेल्डिंग, लेथ, रिवेट ही कामे घराघरात पोचली. जहाजे बांधून झाली, पण हाताला लागलेले वळण राहिले.

टोबी जीन लेव्हिंग्स्टन हा तरुण युद्धानंतर काही वर्षांनी लुइझियानातून आला. त्याचे कुटुंब तिथे वाट्याने दुसऱ्याची जमीन कसणारे. १९५९ मध्ये त्याने भाऊ आणि मित्र जमवून ईस्ट बे ड्रॅगन्स हा क्लब काढला. सुरुवातीला तो मोटारींचा क्लब होता, लवकरच मोटारसायकलींचा झाला. नियम थोडेच: सभासद पुरुष हवा, कृष्णवर्णीय हवा आणि गाडी हार्लेच हवी. नवी हार्ले घेण्याची ऐपत कोणाची असणार? मग जुन्या, बऱ्याचदा पोलिसांनी वापरून टाकलेल्या गाड्या घेत. वारा अडवणारी काच, दोन्ही बाजूंना पेट्या, भोंगे, दिवे अशा थाटाची ही गाडी साडेतीनशे किलोच्या घरात भरायची. तिला या मंडळींत नाव होते 'कचऱ्याची गाडी'! ती गॅरेजमध्ये न्यायची आणि कचरा उतरवायला घ्यायचा.

गॅरेजच्या आत

गॅरेज हा शब्द आपण मिस्त्रीच्या दुकानाला वापरतो. अमेरिकेत गॅरेज हा घराचाच भाग, एका मोटारीपुरती खोली. पण मोटार तिथे क्वचितच असते. जुने कपाट, मुलांच्या सायकली, गवत कापायचे यंत्र आणि घरातल्या कर्त्या पुरुषाचे अर्धवट राहिलेले उद्योग यांची ती जागा. चॉपर बांधणाऱ्याला एवढी जागा पुरते. शिवाय लागते एक वेल्डिंगचा संच, एक ग्राइंडर, करवत, पान्यांची पेटी आणि पुष्कळ रविवार.

पहिले काम म्हणजे गाडी पूर्ण सोडवणे. इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला निघतात, उरतो नळ्यांचा सांगाडा. १९५७ पर्यंतच्या मोठ्या हार्लेंना मागे शॉक अॅब्सॉर्बर नव्हतेच, मागचे चाक थेट सांगाड्यात. १९५८ पासून कंपनीने ते बसवले आणि गंमत अशी की, चॉपरवाल्यांना जुनाच सांगाडा हवासा वाटू लागला. मागचे चाक आणि सीट यांच्यामध्ये काहीच नसल्यामुळे गाडीची पाठ एका सरळ रेषेत उतरते. दिसायला सुरेख, पण त्या रेषेची किंमत बसणाऱ्याच्या कण्याने मोजायची.

दुसरे काम सर्वांत अवघड, आणि खरी कारागिरी इथेच कळते. सांगाड्याच्या पुढच्या टोकाला जो गळा असतो, ज्यातून हँडलचा दांडा फिरतो, तो कापायचा आणि जास्त तिरपा करून पुन्हा जोडायचा. कारखान्याच्या हार्लेत हा दांडा उभ्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करतो. चॉपरमध्ये तो ४० किंवा त्याहूनही पुढे नेतात. कोन वाढला की गाडीचे नाक खाली येते. ते वर आणायला पुढचा फोर्क लांब करावा लागतो. १९४८ पर्यंतच्या हार्लेंना स्प्रिंगांचा फोर्क असे. तो लांब करण्यासाठी फोर्ड मोटारीच्या पुढच्या आसाचे दांडे कापून त्यात जोडत. भंगाराच्या दुकानात ते हवे तेवढे मिळत.

पण चाक पुढे गेले म्हणजे झाले असे नाही. हँडलच्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती चाक टेकते त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. या अंतरामुळेच गाडी सरळ जायला बघते, हात सोडूनही सायकल सरळ जाते ती त्यामुळेच. अंतर फार वाढले, तर हमरस्त्यावर गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते, पण गल्लीत वळताना पुढचे चाक एकदम आडवे पडू पाहते. फार कमी झाले, तर वेगात हँडल थरथरू लागते आणि मग देवाचे नाव घ्यायचे. हे गणित करून कापणारे थोडे आणि डोळ्याने कापणारे पुष्कळ. जाणकार माणूस सांगाडा आधी एका जड लोखंडी चौकटीवर पक्का आवळतो. तिला जिग म्हणतात. मग पुढचे-मागचे चाक एका रेषेत आहे ना हे दोरी धरून पाहतो, चार ठिकाणी टॅक मारतो, पुन्हा मोजतो आणि मगच पुरते वेल्डिंग करतो. गळ्याचा जोड सुटला तर दुसरी संधी मिळत नाही.

मग राहतो शृंगार. छोट्या गाडीची शेंगदाण्यासारखी टाकी, लांब दांड्यांचे हँडल, क्रोमप्लेटिंग आणि रंग. रंग म्हणजे साधा काळा नव्हे. चांदीच्या अस्तरावर पारदर्शक लाल किंवा निळ्या रंगाचे थरावर थर, मधूनच अभ्रकासारखी चमचम. लहान भागांवरचा रंग पक्का करायला स्वयंपाकघरातला ओव्हन वापरण्याचा मोह कित्येकांना झाला आहे, आणि त्यावरून घरात जे व्हायचे तेही झाले आहे!

पुष्कळांनी पुढचा ब्रेकही काढून टाकला, कारण पुढचे चाक मोकळे, नुसते तारांचे दिसावे. थांबण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो, हे ठाऊक असूनही. या हौसेत शहाणपण नेहमीच हौसेच्या पुढे असते असे नाही.

नावाची अदृश्य रेषा

ड्रॅगन्सचे क्लबघर ओकलंडच्या पूर्व भागात याच रस्त्यावर आहे. १९९६ मध्ये ओकलंडने आपल्या हद्दीतल्या रस्त्याचे नाव बदलून इंटरनॅशनल बुलेव्हार्ड केले. याच शहरात १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला, ज्याच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. हेल्स एंजल्स या गोऱ्या आणि गुन्हेगारीसाठी बदनाम टोळीची प्रसिद्ध शाखाही ओकलंडचीच. चॉपर म्हणजे गुंडाची गाडी, हे समीकरण मुख्यतः तिच्यामुळे रूढ झाले. गल्लीतल्या गॅरेजात रविवार घालवणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याला किंवा गोदी कामगाराला त्याचा भुर्दंड पडला.

क्लबघराकडून दक्षिणेला थोडे गेले की ड्युरंट अव्हेन्यू लागतो. ड्युरंटचा तो जुना कारखाना इथलाच. आता तिथे दुकाने आणि घरे आहेत. इथे ओकलंड संपते, सॅन लिआंड्रो सुरू होते आणि रस्ता पुन्हा ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीट होतो. आज गाडीतून जाणाऱ्याला पाटीखेरीज काही कळणार नाही. पण १९६० आणि ७०च्या दशकांत ही रेषा कृष्णवर्णीय माणसाला भिंतीसारखी होती. पलीकडे त्याला घर मिळत नसे. खरेदीखतातल्या अटी, घरमालकांच्या संघटना, दलालांचे संकेत या सर्वांनी मिळून सॅन लिआंड्रो जवळजवळ पूर्णपणे गोरे ठेवले होते. अशा अटी आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांनाही अगदीच अपरिचित नाहीत. चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले हे टुमदार गाव १९७१च्या सुमारास या एका कारणासाठी देशभर गाजले. आज तिथे चिनी, फिलिपिनो, मेक्सिकन, कृष्णवर्णीय, गोरे सगळे राहतात. बसमध्ये बसून पाच मिनिटे कानोसा घेतला तरी कळते.

रेषेच्या या बाजूला आर्लन नेस राहत होते. फर्निचर वाहून नेणे हा त्यांचा व्यवसाय, बोलिंगच्या खेळात हात चांगला. त्या खेळात मिळालेल्या पैशांतून त्यांनी १९६०च्या दशकात एक जुनी, १९४७ सालची हार्ले घेतली आणि घरच्या गॅरेजमध्ये तिला रंगवून, कापून नवे रूप दिले. ओकलंडच्या मोटार प्रदर्शनात ती मांडली. दुसरी गाडी घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून पुढच्या खेपेला तीच पुन्हा उघडली, पुन्हा बदलली आणि नव्या रूपात नेली. असे कित्येकदा! लोक येऊन 'आमचीही अशी करून द्या' म्हणू लागले. मग ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीटवर छोटेसे दुकान निघाले. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले हँडल हा त्यांचा पहिला विकाऊ माल. लांब, बुटकी, जमिनीला चिकटून धावणारी एक वेगळी चाल त्यांनी गाडीला दिली. २००३ मध्ये जवळच्या डब्लिन गावी त्यांचे मोठे दालन उभे राहिले. मुलगा आणि नातूही याच धंद्यात आले. २२ मार्च २०१९ रोजी आर्लन नेस वारले, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिले. ते त्यांनी हाताने कमावले होते, यात शंका नाही.

पण चॉपर जगभर नेणारी गाडी कोणी बांधली, हे विचारले तर उत्तर इथून सुमारे सहाशे किलोमीटर दक्षिणेला, लॉस एंजेलिसमध्ये शोधावे लागते. १९६९ मध्ये 'ईझी रायडर' हा चित्रपट आला. पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर दोन चॉपरवरून देश पालथा घालतात, अशी कथा. फोंडाच्या गाडीच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला. तिचे नाव कॅप्टन अमेरिका. तिची चित्रे भारतातल्या वसतिगृहांच्या भिंतींवरही लागली. ही गाडी आणि तिची जोडीदारीण उभी करण्यामागे दोन कृष्णवर्णीय माणसे होती. क्लिफ व्हॉज हे नागरी हक्कांच्या चळवळीत दक्षिणेत जाऊन छायाचित्रे काढणारे कार्यकर्ते आणि स्वतः चॉपरस्वार. बेन हार्डी हे दक्षिण लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतले नावाजलेले मिस्त्री. पोलिसांच्या जुन्या हार्ले लिलावात घेऊन त्यांतून प्रत्येकी दोन, अशा चार गाड्या तयार झाल्या. चित्रीकरण सुरू होताच व्हॉज यांना कामावरून कमी करण्यात आले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचेही नाव नाही, आणि चित्रपटात मोटारसायकलवर बसलेला एकही कृष्णवर्णीय माणूस दिसत नाही.

एक गाडी शेवटच्या प्रसंगात जळाली, उरलेल्या तीन चोरीला गेल्या. हार्डी १९९४ मध्ये वारले. ते हयात असताना त्यांच्या वस्तीबाहेर फार थोड्यांना या कामाची माहिती होती. २०१४ मध्ये कॅप्टन अमेरिका म्हणून एका गाडीचा लिलाव झाला, तिला १३ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली आणि ती खरी की खोटी यावर जाणकारांत जुंपली. व्हॉज यांनी तो तमाशा पाहिला. २०१६ मध्ये तेही गेले. अलीकडच्या पुस्तकांत दोघांची नावे येतात, हे खरे. उशीर किती झाला, हेही खरे.

कारखान्याची नक्कल

हार्ले कंपनीला ही कापाकापी सुरुवातीला मुळीच आवडत नव्हती. आपली उत्तम गाडी कोणी करवतीने कापावी, हे कोणत्या कारखानदाराला रुचेल? पण संस्थापकांपैकी एकाचे नातू विली डेव्हिडसन यांनी काळ ओळखला. १९७१ मध्ये कंपनीने 'सुपर ग्लाइड' ही चॉपरच्या वळणाची गाडी काढली. १९८४ मध्ये तर अशी गाडी आणली, की तिचे शॉक अॅब्सॉर्बर खाली दडवलेले आणि दिसायला मात्र जुना बिनशॉकचा सांगाडा! ओकलंडच्या गल्ल्यांत जे गरजेपोटी चालले होते, ते शोरूममध्ये हप्त्याने मिळू लागले.

घरी बांधलेल्या गाडीला कॅलिफोर्नियात कायद्याने वाट ठेवली आहे. तिची वेगळी नोंदणी होते, हमरस्ता पोलिस सांगाड्याचे आणि इंजिनाचे क्रमांक तपासतात. कारण सोडवलेल्या गाडीत चोरीचा भाग मिसळणे सोपे असते. हँडल कितीही उंच चालत नाही. चालकाचे हात खांद्यापेक्षा सहा इंचांहून वर जाता कामा नयेत. हेल्मेट १९९२ पासून सक्तीचे आहे. भारतात मात्र या हौसेची वाट अरुंद आहे. मुंबईत अक्षय वर्दे यांनी विमानातली केबिन क्रूची नोकरी सोडून 'वर्देंची' अशा अस्सल मराठी नावाने एन्फिल्डच्या इंजिनांवर चॉपर बांधायला घेतल्या आणि नाव मिळवले. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेत मूलभूत बदल केलेले वाहन नोंदले जाऊ शकत नाही. बुलेटचा गळा कापायचे मनात असलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

हा रस्ता पाहायचा असेल, तर २०२० पासून ओकलंडच्या मध्यभागातून सॅन लिआंड्रोपर्यंत एक खास बस धावते. रस्त्याच्या मधोमध तिची स्वतंत्र मार्गिका आहे. बसचे नाव आहे टेंपो! मराठी माणसाला हसू येईल, पण गाडी चकचकीत आहे. फ्रीमाँटहून निघणाऱ्यांनी लोकल गाडीने फ्रूटव्हेलला उतरावे, गाडीवरचा गरम टाको खावा आणि मग बस धरावी. फिरायला दिवसाचीच वेळ बरी. या भागात रात्री स्थानिक माणसेही जपून असतात.

लेव्हिंग्स्टन २०२० मध्ये वारले, नेस त्याच्या आदल्या वर्षी. दोघांची आयुष्ये एकाच रस्त्यावर, एकाच जातीच्या यंत्रापायी गेली. ओकलंडचा शेव्हरोलेचा कारखाना १९६३ मध्ये बंद होऊन काम फ्रीमाँटला गेले. त्या जागी आज टेस्लाच्या विजेच्या, बिनआवाजाच्या मोटारी बनतात, आणि तिथे काम करणाऱ्यांत मराठी इंजिनिअरही आहेत. त्यांच्या घरांच्या गॅरेजांत तांदळाच्या गोण्या, रिकाम्या सूटकेसा आणि गणपतीच्या मखराचे सामान असते. रविवारी सकाळी मिशन बुलेव्हार्डवरून कधी लांब फोर्काच्या दोन-चार गाड्या धडधडत जातात. अंगणात चहा घेणारे आजोबा कप खाली ठेवतात आणि आपल्या जुन्या बुलेटची गोष्ट नातवाला पुन्हा एकदा सांगायला घेतात.